अंतराळयान पुठ्ठ्याचे, अभिनय मात्र खरा?

धायरी (प्रतिनिधी) : विल्यम शॅटनर नट म्हणून मोठा की लेनर्ड निमॉय, या प्रश्नावर सिंहगड रस्त्यालगतच्या एका उपनगरात तावातावाने वाद होत असतील, अशी कल्पना बाहेरच्या माणसाला करवणार नाही. परंतु धायरीची वस्ती पाहिली, तर त्यात नवल वाटण्याचे कारण उरत नाही. गेल्या काही दशकांत येथील मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, गाव टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या हद्दीत आले आणि पेठांतील वाड्यांतून, चाळवजा घरांतून बाहेर पडलेली मध्यमवर्गीय कुटुंबे येथे स्थिरावली. या कुटुंबांतील आज पन्नाशीच्या आसपास असलेली पिढी म्हणजे दूरदर्शनच्या रविवार सकाळवर वाढलेली पिढी. एकच वाहिनी, एकच संच आणि त्यासमोर मांडी घालून बसलेली निम्मी चाळ, हे चित्र तिने अनुभवले आहे. साहजिकच चहाच्या टपरीवर किंवा सोसायटीच्या बाकावर जुन्या विज्ञानमालिकांचा विषय निघाला, की गोष्ट कोणती होती यापेक्षा कोणी काम कसे केले होते यावरच बोलणे अधिक रंगते.

या वादात साधारणपणे तीन पक्ष दिसतात. पहिला निष्ठावंतांचा, त्यांच्या मते लहानपणी जे आवडले त्यात खोट काढणे हाच मुळी कृतघ्नपणा. दुसरा पक्ष नाटके पाहून तयार झालेल्यांचा. तो प्रत्येक नटाला रंगभूमीच्या काट्यावर तोलतो. तिसरा पक्ष म्हणतो, की प्लास्टिकचे कान लावून पुठ्ठ्याच्या यानात बसलेल्या माणसाच्या अभिनयाची चर्चा करणे हाच पोरखेळ आहे. यातला तिसरा पक्ष संख्येने लहान असला, तरी त्याचे म्हणणे सर्वांत घातक आहे. कारण अनेक चांगल्या नटांचे काम केवळ ‘मुलांच्या मालिकेत’ होते म्हणून हिशेबातच धरले गेलेले नाही.

मुळात आपल्याकडे या मालिका पाहिल्या गेल्या, त्या कशा पाहिल्या गेल्या हे लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. आपल्या दूरदर्शनवर ती अवतरली १९८० च्या दशकात, म्हणजे मूळ प्रक्षेपणानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. संवाद इंग्रजी. मराठी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्यातले बरेचसे कळत नसे. त्यामुळे या प्रेक्षकाने ही मालिका ऐकली कमी आणि पाहिली अधिक. मिस्टर स्पॉकची वर चढणारी भुवई, कॅप्टन कर्कचे खुर्चीतून पुढे झुकणे, डॉक्टर मॅकॉयचा त्रासलेला चेहरा यांवरूनच त्याने कथा जुळवून घेतली. शब्दांचा आधार नसताना नटाच्या देहबोलीतून अर्थ लावण्याची ही सवय पुढे अनेकांच्या मतांमध्ये टिकून राहिली. आजही धायरीत किंवा कोथरूडमध्ये या मालिकेचा विषय निघतो तेव्हा संवादांची उजळणी फारशी होत नाही; भुवई मात्र लगेच चढवून दाखवली जाते.

दोघांचे एकच काम

शॅटनरवर घेतला जाणारा आक्षेप जगभर एकच आहे. तो वाक्य मध्येच तोडतो, नको तेथे थांबतो, मग अचानक तीन शब्द एका दमात फेकतो. हातवारे मोठे, चेहऱ्यावर भाव त्याहून मोठे. त्याच्या नकला करून अमेरिकेतील विनोदी कलाकारांच्या पिढ्या जगल्या. याउलट निमॉयचा स्पॉक हा संयमाचा नमुना. भावना व्यक्त न करणाऱ्या व्हल्कन वंशाचा बाप आणि पृथ्वीवरची आई, असे हे पात्र. तिन्ही वर्षे त्याला सहायक अभिनेत्याच्या एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. शॅटनरला या भूमिकेसाठी एकदाही मिळाले नाही. वरवर पाहता निकाल लागलेलाच आहे.

परंतु या मालिकेच्या जन्माची हकीकत पाहिली, तर निकाल इतका सरळ राहत नाही. १९६४ च्या अखेरीस तिचा पहिला नमुना भाग ‘द केज’ चित्रित झाला. त्यात कप्तान होता जेफ्री हंटर हा नट, आणि त्याने कॅप्टन पाइक रंगवला तो अत्यंत विचारमग्न, आतल्या आत धुमसणारा. स्पॉक याही भागात आहे, आणि निमॉयच आहे. पण तो हसतो! परग्रहावरची निळी, नाद करणारी पाने हातात धरून स्पॉक चक्क हर्षाने हसतो आणि संकटात आरडाओरडा करतो. भावशून्य वागण्याचे काम त्या भागात दुसऱ्याच पात्राकडे होते; माजेल बॅरेट या अभिनेत्रीने रंगवलेल्या उपकप्तान स्त्रीकडे. वाहिनीने हा भाग नाकारला, दुसरा नमुना भाग मागवला, हंटर बाहेर पडला आणि शॅटनर आला.

निमॉयने पुढे अनेकदा सांगितले, की कप्तानच शांत आणि अंतर्मुख असताना स्पॉकला शांत राहायला जागाच नव्हती. शॅटनरने कर्क रंगवला तो उसळता, उत्साही, मोठ्या आवाजाचा. त्याबरोबर स्पॉकला मागे सरायला, स्थिर उभे राहायला अवकाश मिळाला. सुरुवातीच्याच एका भागात सारे कर्मचारी धास्तावून पडद्याकडे पाहत असताना स्पॉकच्या वाट्याला एकच शब्द होता, ‘फॅसिनेटिंग’. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट याने तो शब्द इतरांसारखा घाबरून न उच्चारता शास्त्रज्ञाच्या अलिप्त कुतूहलाने उच्चारण्यास सांगितले आणि तेथे निमॉयला भूमिकेची किल्ली सापडली. थोडक्यात, ज्या संयमासाठी निमॉयची वाहवा होते, त्या संयमाची अर्धी किंमत शॅटनरच्या तथाकथित भडकपणाने मोजलेली आहे. तबल्याने लय धरली म्हणून सतारीला आलापी करता आली, तर श्रेय एकट्या सतारीला देता येत नाही.

याच दोघांच्या परस्परावलंबनाचे आणखी एक लहानसे उदाहरण आहे. ऑक्टोबर १९६६ मधील ‘द एनिमी विदिन’ या भागात यंत्राच्या बिघाडामुळे कर्कचे दोन कर्क होतात, एक सौम्य आणि एक दुष्ट. संहितेनुसार स्पॉकने दुष्ट कर्कच्या डोक्यात शस्त्राचा दस्ता घालायचा होता. व्हल्कन माणसाला ही धटिंगणगिरी शोभत नाही असे निमॉयला वाटले आणि त्याने मानेजवळ दोन बोटांनी दाबून शत्रूला बेशुद्ध करण्याची युक्ती सुचवली. पुढे ती जगप्रसिद्ध झाली, आपल्याकडच्या शाळांच्या मधल्या सुट्टीतही पोहोचली. पण ती पहिल्यांदा खरी वाटली ती कोणामुळे? बोटांनी मान दाबणे कोणालाही जमते. दाबल्याक्षणी अंगातून वीज गेल्यासारखा ताठरून कोसळला तो शॅटनर. युक्ती निमॉयची, पण तिच्यावर विश्वास बसवला तो मार खाणाऱ्याने. (या भागाचा दिग्दर्शक लिओ पेन हा पुढे नामवंत झालेल्या शॉन पेन या नटाचा पिता, हे जाता जाता.)

शॅटनर हा मुळात कॅनडातील स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवातून आलेला नट. १९५६ मध्ये तेथे ‘पाचवा हेन्री’ या नाटकात तो ख्रिस्तोफर प्लमरचा बदली नट होता आणि प्लमर आजारी पडल्यावर त्याने ऐनवेळी ती भूमिका निभावली होती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय घेऊन तो दूरचित्रवाणीवर आला, आणि त्या काळच्या लहान, अंधूक संचांवर ती फारशी खटकत नसे. आठवड्याभरात एक भाग चित्रित करायचा, तालमीला वेळ नाही, असा तो कारखाना होता. त्या धबडग्यातही एप्रिल १९६७ मधील ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या भागात त्याने जे केले, ते त्याच्या टीकाकारांनी अवश्य पाहावे. इतिहास वाचवण्यासाठी कर्कला आपल्या प्रेमाच्या स्त्रीला डोळ्यांदेखत गाडीखाली जाऊ द्यावे लागते. तिला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला तो नुसता घट्ट धरून ठेवतो. हातवारे नाहीत, आवाज नाही. मिटलेले डोळे आणि आवळलेला जबडा, एवढेच.

पुढे वयाच्या सत्तरीत, २००४ आणि २००५ मध्ये, शॅटनरला दोन एमी पुरस्कार मिळाले ते डेनी क्रेन या विक्षिप्त वकिलाच्या भूमिकेसाठी. त्यात त्याची तीच तोडून बोलण्याची लकब, तोच अवास्तव आत्मविश्वास होता. जे अंतराळयानात भडक ठरले, ते न्यायालयातील विनोदी नाट्यात पुरस्कारपात्र ठरले. नट तोच होता; मग बदलले काय, हे परीक्षकांनाच विचारलेले बरे.

‘नटसम्राट’चा न्याय

केबल आल्यानंतर येथील प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला तो दुसऱ्या ‘स्टार ट्रेक’चा कप्तान, जाँ-ल्यूक पिकार्ड. १९८७ ते १९९४ या काळात ही भूमिका करणारा पॅट्रिक स्ट्युअर्ट इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीतून आलेला. कर्क की पिकार्ड, हा वाद तेव्हापासून जगभर चालू आहे आणि मराठी माणसाला त्याचे स्वरूप समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. त्यानंतर दत्ता भट यांनी ते वेगळ्या अंगाने केले. २०१६ मध्ये चित्रपटात नाना पाटेकर आले. या तिघांपैकी श्रेष्ठ कोण, यावर पुण्यात मैत्र्या तुटल्या नसतील, पण ताणल्या नक्कीच गेल्या आहेत. फरक इतकाच, की बेलवलकर हे एकच पात्र आहे, शब्द तेच आहेत, म्हणून तुलनेला निश्चित आधार आहे. कर्क आणि पिकार्ड ही दोन वेगळी माणसे. कर्क हा धाडसी दर्यावर्दी. पिकार्ड हा पन्नाशीतला, पुस्तके वाचणारा, एकटा माणूस. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे म्हणजे लखोबा लोखंडे करणाऱ्या प्रभाकर पणशीकरांनी बेलवलकरांसारखे का केले नाही, असे विचारण्यासारखे आहे.

स्ट्युअर्टची बाजू मांडणारे १९९२ मधील दोन भागांवर भर देतात, आणि तो योग्यच आहे. ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड काही मिनिटांच्या बेशुद्धीत एका नष्ट झालेल्या ग्रहावरील सामान्य माणसाचे सुमारे चाळीस वर्षांचे आयुष्य जगतो. पाऊण तासात तारुण्य, संसार, वार्धक्य असा प्रवास त्याला दाखवायचा आहे. मेकअपवाल्याचे काम सोपे होते. अवघड होते ते चालण्यातला, बसण्यातला, नातवाकडे पाहण्यातला बदल. शेवटी यानावर परतलेला पिकार्ड हातातली बासरी छातीशी धरतो, तेथे अक्षरशः एकही संवाद नाही. त्याच वर्षीच्या ‘चेन ऑफ कमांड’मध्ये छळ सोसणाऱ्या कैद्याची भूमिका त्याने केली, समोर होता डेव्हिड वॉर्नर. दोन नट, एक खोली, एक मेज. यान नाही, परग्रह नाही. हे सरळसरळ नाटकच होते. आणि एवढे असूनही पिकार्डच्या भूमिकेसाठी स्ट्युअर्टला एमीचे साधे नामांकनही मिळाले नाही. तिसऱ्या पक्षाचे लोक फक्त धायरीतच आहेत असे नव्हे.

समोर कोणीच नाही

विज्ञानमालिकेतील अभिनय इतर अभिनयापेक्षा अवघड का, याचे उत्तर शोधायला पुणेकरांना दूर जावे लागत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९६३ ते १९७५ या काळात रोशन तनेजा अभिनय शिकवत. ते स्वतः न्यूयॉर्कमध्ये सॅनफर्ड माइस्नर यांच्याकडे शिकलेले. माइस्नर पद्धतीचे सार असे, की काल्पनिक परिस्थितीत खरेपणाने वागावे, आणि तो खरेपणा येतो समोरच्या नटाकडून. त्याने काय केले ते पाहा, ऐका, आणि त्यातून तुमची प्रतिक्रिया आपसूक उमटू द्या. आता विज्ञानमालिकेत पाहा. समोरचा राक्षस नंतर संगणकावर तयार होणार असतो. यानाला बसलेला धक्का म्हणजे कॅमेरा हलवणे आणि सर्वांनी एकाच दिशेला झुकणे. ज्याच्याकडे पाहून घाबरायचे ती वस्तू म्हणजे भिंतीवरील एक खूण. ‘समोरच्याकडून घ्या’ असे शिकवलेल्या नटाच्या समोर कोणीच नाही! त्यात भर म्हणजे संवाद असे, की ज्यातील निम्म्या शब्दांना जगात अर्थच नसतो. ‘आई, मला भूक लागली’ हे वाक्य खरे वाटेल असे म्हणायला नटाला स्वतःचा अनुभव पुरतो. कुठल्याशा काल्पनिक इंधनाचा दाब घटल्याचे वाक्य पोटतिडकीने म्हणायला त्याला अनुभव आणायचा कोठून?

या कसोटीवर ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका पाहण्यासारखी आहे. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेचे दिग्दर्शक केतन मेहता. ‘भवनी भवाई’ आणि ‘मिर्च मसाला’ करणारे, तेही याच फिल्म इन्स्टिट्यूटचे. बाविसाव्या शतकातील जगात अंतराळातील तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार पळतात आणि व्योम त्यांच्या मागावर निघतो, अशी कथा. संगणकाधारित दृश्यांचा इतका वापर भारतीय मालिकेत तोवर झालेला नव्हता. आज ती दृश्ये बाळबोध वाटतात, तेव्हा डोळे दिपत असत.

नायक होता मिलिंद सोमण. शिवाजी पार्कचा मराठी मुलगा, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, मग मॉडेल, आणि १९९५ मधील ‘मेड इन इंडिया’च्या चित्रफितीमुळे घराघरांत पोहोचलेला चेहरा. त्याच्यावरचा आक्षेप शॅटनरच्या नेमका उलटा होता. हा काही करतच नाही, चेहरा हलतच नाही, असा. त्याच मालिकेत पृथ्वीचा प्रमुख, ‘विश्वप्रमुख’ होते टॉम ऑल्टर. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७२ ते ७४ या काळात तनेजांच्या हाताखाली शिकलेले, अभिनयाचे सुवर्णपदक मिळवलेले, उर्दू आणि हिंदी भल्याभल्यांना लाजवील अशी बोलणारे. ऑल्टर म्हटले की अनेकांना ‘शतरंज के खिलाडी’तील कॅप्टन वेस्टन किंवा ‘जुनून’ मालिकेतील केशव कलसी आठवतो. विश्वप्रमुखाची आठवण निघते ती थट्टेत. वास्तविक चमकदार झगा घालून, न पाहिलेल्या संकटाविषयी आज्ञा देण्याचे ते काम होते, आणि ऑल्टर ती वाक्ये ज्या गांभीर्याने उच्चारत, त्यावरच बाकीच्या पसाऱ्याचा विश्वास टिकून होता. अशा मालिकांमध्ये एक तरी नट असा लागतो, की जो एखाद्या निर्जीव यंत्राशी बोलतानाही आपण ऐतिहासिक नाटकातील दरबारात उभे आहोत असे मानतो. तो हसला की संपले.

सोमणच्या बाबतीत मात्र धायरीकर निष्ठावंतांचा बचाव आणि विरोधकांचा हल्ला, दोन्ही थोडे उथळ आहेत. शांतपणा ही त्याची उणीव नसून त्याचा स्वभावधर्म आहे, हे पुढे दिसले. २००९ मध्ये सचिन कुंडलकर यांच्या ‘गंध’ या मराठी चित्रपटातील ‘औषध घेणारा माणूस’ या कथेत त्याने एचआयव्हीची लागण झालेला, घरात कोंडून घेतलेला छायाचित्रकार केला. समोर सोनाली कुलकर्णी. तेथे तोच स्थिर चेहरा, तेच कमी बोलणे प्रेक्षकाला आत खेचून घेते. याचे कारण उघड आहे. ‘गंध’मध्ये त्याला समोर माणूस मिळाला आणि एक खोली मिळाली, जी त्याच्याभोवती खरोखर अस्तित्वात होती. ‘व्योम’मध्ये त्याला मिळाली पोकळी. अननुभवी नटाने पोकळीसमोर काही न करणे आणि अनुभवी नटाने ठरवून काही न करणे, या दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक कळायला त्या नटाचे दुसरे काम पाहावे लागते.

थर्माकोल आणि भिंत

येथे तिसऱ्या पक्षाला एक प्रश्न विचारता येतो. १९७२ मध्ये पुण्यातच ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. नेपथ्य जवळपास नाहीच. एका ओळीत उभ्या राहिलेल्या माणसांची भिंत. तीच भिंत वळली की वाडा, पाठमोरी झाली की पडदा, डोलू लागली की मंदिरातील कीर्तन. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस त्या मानवी भिंतीसमोर नाचला आणि ती भिंत खरी नाही अशी तक्रार कोणी केली नाही. मग पुठ्ठ्याच्या यानालाच हसू का येते?

उत्तर असे, की नाटक प्रेक्षकाला आधीच सांगून टाकते, की हे खोटे आहे, तुम्ही आम्हाला मदत करा. कॅमेरा मात्र ‘हे खरे आहे’ असा दावा करतो आणि मग पकडला जातो. ‘घाशीराम’ची भिंत जुनी होत नाही, कारण ती कधी नवी नव्हतीच. संगणकावर काढलेले यान पाच वर्षांत शिळे होते. यान शिळे झाले की त्यात बसलेला नटही शिळा वाटू लागतो, आणि दोष मात्र त्याच्या अभिनयाला दिला जातो. गणेशोत्सवात पुण्याच्या उपनगरांमधून जिवंत देखावे होतात. थर्माकोलचा गड, ध्वनिमुद्रित संवाद आणि त्यावर ओठ हलवणारी मंडळाचीच मुले. तेथे गड थर्माकोलचा आहे म्हणून शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या मुलाला कोणी नावे ठेवत नाही. तो मुलगा ताठ उभा राहिला, नजर ढळू दिली नाही, तर गर्दी टाळ्या वाजवते. हीच नजर रविवार सकाळच्या मालिकांकडे वळवायला हरकत नसावी.

तशी ती वळवली, तर काही उपेक्षित कामे सापडतात. १९८९ मधील ‘इंद्रधनुष्य’ ही मालिका आज बहुतेकांना आठवते ती कुमारवयीन करण जोहरच्या दर्शनामुळे. तिच्यात गिरीश कर्नाडही होते. ‘ययाति’ आणि ‘तुघलक’ लिहिणारे, फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपद भूषवलेले कर्नाड मुलांच्या विज्ञानमालिकेत काम करतात, आणि ते उरकून टाकल्यासारखे करत नाहीत, ही त्या काळच्या दूरदर्शनची गंमत होती. ‘मालगुडी डेज’मधील स्वामीच्या वडिलांना जो तोल त्यांनी दिला, तोच येथेही आढळतो. मुलांशी बोलताना ते आवाज लाडिक करत नाहीत. एवढी एक गोष्टही पुष्कळ आहे.

‘शक्तिमान’ विज्ञानमालिका म्हणावी की नाही, हा वेगळा वाद. परंतु १९९७ ते २००५ इतका काळ चाललेल्या या मालिकेने अभिनयाविषयीचे जेवढे घरगुती वाद निर्माण केले, तेवढे कोणत्याच मालिकेने केले नसतील. पहिली गीता विश्वास म्हणजे किटू गिडवानी बरी की नंतरची वैष्णवी महंत, हा त्यातला एक. अधिक महत्त्वाचा प्रश्न मुकेश खन्ना यांच्याविषयीचा आहे. ‘महाभारत’मधील भीष्मानंतर त्यांचा शक्तिमान पुष्कळदा उपदेशकाच्या सुरात अडकलेला वाटतो, त्यांचे खरे काम होते ते पुढे आलेल्या दातांचा, चश्मा लावलेला, धांदरट गंगाधर. दोन्ही एकाच नटाची रूपे आहेत हे माहीत असूनही गंगाधर पडद्यावर आला की मुले शक्तिमानला विसरत. खन्ना हेही फिल्म इन्स्टिट्यूटचेच. त्यांना विनोदी भूमिका अधिक मिळायला हव्या होत्या, असे गंगाधर पाहून वाटते.

आठवण आणि पुरावा

या साऱ्या वादांतली मोठी अडचण अशी, की बहुतेक जण स्मरणावर विसंबून बोलत असतात. आठ वर्षांच्या मुलाने १४ इंची कृष्णधवल संचावर पाहिलेला अभिनय पन्नाशीतला माणूस तपासून पाहू शकत नाही. तो त्या मुलाचीच साक्ष काढतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली, तेव्हा ही साक्ष अनेक घरांत एकदम उलटतपासणीला सामोरी गेली. शेजारी बसलेल्या मुलांना दृश्यपरिणाम हास्यास्पद वाटले. गंगाधर मात्र त्यांनाही आवडला.

पुरावा हाती आला की मत किती बदलते, याचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत १९६६ पासून पॅट्रिक ट्राउटन हा दुसरा डॉक्टर झाला. पण बीबीसीने फितींचा खर्च आणि जागा वाचवण्यासाठी जुने भाग पुसून टाकले. आज नव्वदहून अधिक भाग उपलब्ध नाहीत, आणि त्यांत ट्राउटनच्या कारकिर्दीचा वाटा मोठा आहे. प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून केलेली ध्वनिमुद्रणे तेवढी उरली. ट्राउटन हा तर मूलतः चेहऱ्याचा नट. बोलणाऱ्याच्या मागे उभा राहून, नुसत्या नजरेने दृश्य पळवणारा. त्याचा अभिनय ध्वनीवरून जोखायचा म्हणजे लावणी रेडिओवर ऐकून नर्तकीविषयी मत देण्यासारखे होते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरातील दूरचित्रवाणी केंद्रात सापडलेले नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. त्यांत १९६७-६८ मधील ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली. तिच्यात ट्राउटनची दुहेरी भूमिका आहे. विस्कटलेल्या केसांचा, खट्याळ डॉक्टर आणि सालामँडर नावाचा थंड, क्रूर हुकूमशहा. सहा भागांपैकी एकच उपलब्ध होता तोवर ही कथा रटाळ म्हणून गणली जात होती. चित्रे दिसू लागल्यावर, सालामँडर डॉक्टरचे सोंग घेतो तेव्हाचा ट्राउटन पाहिल्यावर, म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाचे केलेले अनुकरण, आणि दोघेही तोच नट, हे पाहिल्यावर चाहत्यांनी तिला पहिल्या पंक्तीत बसवले. ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरत्या रंगमंचावर पाच रूपांत येणारे पणशीकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आनंदाची जात ओळखीची वाटेल.

आपल्याकडे ही सोय तुटपुंजी आहे. ‘कॅप्टन व्योम’ आणि ‘शक्तिमान’ पुन्हा पाहता येतात. १९८० च्या दशकातील ‘स्पेस सिटी सिग्मा’विषयी बोलताना मात्र झकाकू या खलनायकाचे नाव घेतले जाते आणि गाडी तेथेच अडते. त्या रंगवलेल्या चेहऱ्यामागे कोण होते, त्याने आवाज कसा लावला होता, पाय कसा टाकला होता, यावर वाद घालायला दोघांना सारखेच काही आठवावे लागते. टॉम ऑल्टर २९ सप्टेंबर २०१७ रोजी गेले, कर्नाड १० जून २०१९ रोजी. त्यांच्या विज्ञानमालिकांविषयी त्यांना विचारून घ्यायचे ते आता राहिले. शॅटनर मात्र १३ ऑक्टोबर २०२१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खरोखरच अंतराळाच्या सीमेपर्यंत जाऊन आला. परतल्यावर तो रडत होता, आणि बोलताना वाक्य मध्येच तोडत होता, नको तेथे थांबत होता, मग तीन शब्द एका दमात बोलून जात होता. धायरीतील त्याचे विरोधक हेही अभिनयातच जमा धरतात.